पक्ष काढायचा तर समाजवादाची शपथ का?

मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. आम्ही काही शेतकरी मिळून एक छोटा पक्ष काढावा म्हणतोय. त्याची घटना टाइप करून घ्यायला गेल्या महिन्यात एका टायपिस्टाकडे बसलो होतो. दुसरं कलम आलं तसा तो थांबला. म्हणाला, "काका, समाजवादाचं वाक्य राहिलंय की. ते घालावंच लागतं, नाहीतर अर्ज परत येतो. थांबा, माझ्याकडे तयार आहे." आणि दुसऱ्याच कुठल्या पक्षाच्या फाइलमधून उचलून त्याने ते चिकटवलंसुद्धा.

आपल्याला ते पाठच असेल. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 29अ, पोटकलम 5. पक्षाची नोंदणी हवी असेल तर राज्यघटनेवर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा ठेवू, असं पक्षाच्या घटनेत लिहून द्यावं लागतं. हे कलम 1989 पासून लागू आहे. राज्यघटना, लोकशाही, धर्मनिरपेक्षता, देशाची एकता, या सगळ्यांखाली मी डोळे मिटून सही करतो. भांडण एकाच शब्दाशी आहे, कारण आमचा पक्ष निघतोय तोच त्या शब्दाच्या विरोधात.

हा विरोध पुस्तकातून आलेला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये आमचा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये होता, तेव्हा सरकारने निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवायचा नाही. लाल कांदा बाजारात यायला लागला आणि 8 डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. बंदी उठली मे 2024 मध्ये, तीही 40 टक्के शुल्क आणि 550 डॉलरची अट ठेवून. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला.

साहेब, उन्हाळ कांद्याच्या चाळीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा लागतो. आत ऊब लागली की समजायचं, खालचा थर सडायला लागला. आता भावाची वाट बघण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याच्या चाळीला वारा चांगला लागतो, तो आणखी महिनाभर थांबू शकतो. व्यापाऱ्याला तिकडे दुबईची मागणी ठाऊक असते. यातल्या कुणालाच सगळं ठाऊक नसतं, पण लिलावात ट्रॅक्टर उभा राहिला की सगळ्यांच्या माहितीची बेरीज होऊन एक आकडा पुकारला जातो. तो आकडा दिल्लीतून फिरवला की चाळीतली ऊब दिल्लीला कळायची वाटच बंद होते. 1920 मध्ये अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी आणि नंतर फ्रेडरिक हायेक यांनी समाजवादावर घेतलेला मुख्य आक्षेप, माझ्या समजुतीप्रमाणे, हाच आहे. नियोजन करणारे दुष्ट नसतात, त्यांच्यापाशी माहिती नसते. आम्ही काही हायेक वाचून हे शिकलो नाही. 1980 मध्ये चाकणला शेतकरी नेते शरद जोशींनी कांद्याचं आंदोलन केलं, तेव्हापासून घामाचे दाम मागतोय.

माझीही बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. पालखेडच्या कालव्याचं पाणी सरकारी आहे आणि युरियाची गोणी मी सरकारी भावातच उचलतो. तेव्हा कुणी म्हणेल, बाजार तुला एकट्याला झेपणार नाही. म्हणोत. हा वाद निवडणुकीत व्हावा एवढंच माझं म्हणणं आहे.

15 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत के. टी. शाह यांनी 'समाजवादी' हा शब्द घालायची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. ते समाजवादाचे वैरी नव्हते. मार्गदर्शक तत्त्वांत त्यातलं बरंच आहे, असंही ते तेव्हाच म्हणाले. पण समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं, ते घटनेत बांधून टाकणं म्हणजे लोकशाहीच मोडणं, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे 1976 मध्ये, आणीबाणीत, 42 व्या दुरुस्तीने तो शब्द राज्यघटनेच्या सरनाम्यात, म्हणजे प्रास्ताविकेत आला. तिथून तो पक्षनोंदणीच्या कायद्यात कसा उतरला हे आपल्याला सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सरनाम्यातला शब्द काढण्याची मागणी फेटाळली. समाजवादी म्हणजे कल्याणकारी राज्य, त्याने खासगी उद्योगाला आडकाठी होत नाही, असं म्हटलं. ठीक आहे, सरनाम्याला मी हात लावत नाही. पण कल्याणकारी राज्यच म्हणायचं असेल तर नोंदणीच्या कलमात तसं लिहा. सरकारी कंपन्या विकणारे पक्षही हीच शपथ लिहून देतात आणि कुणाची पापणी हलत नाही. राजाजींनी 1959 मध्ये स्थापलेल्या स्वतंत्र पक्षाने समाजवादाला उघड विरोध करत 1967 मध्ये लोकसभेच्या 44 जागा जिंकल्या. आज त्यांना नोंदणीसाठी आधी खोटं लिहावं लागलं असतं. शरद जोशींनी राज्यसभेत असताना नोंदणीच्या कायद्यातून हा शब्द काढण्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. ते पुन्हा काढून वाचावं, ही विनंती.

पोटकलम 5 मधला एक शब्द गाळायचा आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, साधं विधेयक पुरतं.

तोवर टायपिस्टाला ते वाक्य खोडायला लावून तिथे दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. पक्ष स्थापन झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो, म्हणून आम्ही पक्ष अजून स्थापनच केलेला नाही.

आपला,
एक कांदा उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक