महसूल मंत्र्यांना खुले पत्र : सातबाऱ्यावर गट ११६ चा १६१ झाला, दुरुस्ती कोण करणार?

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझे पाच एकर वावर आहे, गट नंबर १६१. मागच्या उन्हाळ्यात पीककर्जासाठी सातबारा काढला, तर इतर हक्काच्या रकान्यात न्यायालयीन जप्तीची नोंद! आजवर मी कोर्टाची पायरी चढलेलो नाही. जप्तीच्या आदेशाची नक्कल काढली तेव्हा उलगडा झाला. गावातल्या दुसऱ्या खातेदारावर पैसे देण्याचा कोर्टाचा हुकूमनामा झाला आणि त्याच्या वसुलीसाठीच्या दरखास्तीत त्याचा गट जप्त झाला. तो गट ११६. आदेशात आकडा स्वच्छ टाईप केलेला आहे. फेरफार लिहिताना त्याचा १६१ झाला.

बेलिफ मात्र बरोबर वावरात गेला होता. दवंडी त्याच धुऱ्यावर झाली. तिथल्या बाभळीला लावलेली आदेशाची प्रत मी स्वतः उभा राहून वाचली होती, ग्रामपंचायतीतही तीच प्रत होती. सगळ्या गावाला माहीत असलेला नंबर फक्त सातबाऱ्यावर चुकला.

तहसीलमध्ये म्हणाले, जप्ती कोर्टाची आहे, कोर्टाचा आदेश आणा. कोर्टातल्या बाबूंनी फाईल उघडून दाखवली : "आमच्याकडे तं ११६च आहे काका, दुरुस्त काय करू?" या हेलपाट्यांत मृग निघून गेला. बँकेने कर्ज दिले नाही. पऱ्हाटीचे बियाणे आणि खत मी व्याजाच्या पैशाने आणले.

साहेब, कायदा यात अडवत नाही. हुकूमनाम्यातच लेखनाची किंवा आकडेमोडीची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली न्यायालय ती केव्हाही, स्वतःहूनसुद्धा दुरुस्त करते. अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबारा-फेरफारातली, लेखनाची चूक दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५५ आहे. माझ्या सातबाऱ्यातली चूक दुसऱ्या प्रकारची, म्हणजे आपल्या खात्याची आहे. फेरफार धरताना हितसंबंधितांना लेखी कळवावे असे कलम १५० सांगते. मला तशी नोटीस आली असती, तर त्याच दिवशी हरकत घेतली असती.

आणि नुकसान माझ्या एकट्याचे नाही. ११६ चा सातबारा आज कोरा दिसतो. तो बघून उद्या कुणी ते वावर विकत घेतले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे जप्तीनंतरची ती विक्री जप्ती आणणाऱ्याच्या हक्कापुढे टिकणार नाही. बिचारा घेणारा फसेल.

म्हणून मागणी एवढीच, की आपण लेखी परिपत्रक काढावे. जप्तीची नोंद प्रमाणित करण्याआधी मंडळ अधिकाऱ्यांनी खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा आदेशाशी ताडून पाहाव्यात. नुसता नंबर पाहून सही करू नये. आदेश बरोबर आणि नोंद चुकीची असेल, तर शेतकऱ्याला कोर्टात न पाठवता तहसीलदारांनी पंधरा दिवसांत ती दुरुस्त करावी आणि खऱ्या गटावर चढवावी.

माझा अर्ज, आदेशाची नक्कल आणि दोन्ही सातबारे तहसीलमध्ये जमा आहेत. वखरणी झाली आहे, पेरणीआधी निकाल लागावा.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी, जि. यवतमाळ