मैत्रिणींवर सराव, मैत्रिणींकडून तपासणी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात एकटीने होतं ते वाचन. चाचणी घेणं, मुलाखत, कोडिंग (म्हणजे मुलाखतीच्या उताऱ्यांत कोणता विषय दिसतो त्याची खूण करणं), सगळ्याला दुसरं माणूस लागतंच. म्हणून जोडीदार अशी बघ, जी चूक दिसली की तोंडावर सांगेल.

चाचण्यांचा सराव तिघींनी मिळून करा. एकीने घ्यायची, एकीने द्यायची, तिसरीने स्टॉपवॉच घेऊन बाजूला बसायचं. डिजिट स्पॅन, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणीतली ऐकलेले अंक परत म्हणून दाखवायची चाचणी, सोपी वाटते आणि तिथेच घसरायला होतं. सेकंदाला एक अंक, एका सुरात. सहा-सात अंक झाले की जीभ आपोआप फोन नंबर सांगितल्यासारखे गट पाडते. मग ऐकणारीला ते लक्षात ठेवणं सोपं जातं आणि गुण फुगतात. शेवटच्या अंकाला आवाज किंचित उतरव, म्हणजे मालिका संपल्याचं तिला कळतं. उत्तर बरोबर आलं तरी ‘छान’ म्हणायचं नाही, मानही हलवायची नाही. रेकॉर्ड करून ऐकलंस की लय कुठे तुटते ते तुझं तुलाच कळेल. मात्र सरावातून मैत्रिणीचा बुद्ध्यांक काढून तिला सांगू नकोस. प्रश्न तिला आधीच माहीत असतात, त्यामुळे आकड्याला अर्थ नसतो; पण तो मनात घर करून बसतो.

मुलाखतींचं कोडिंग दोघींनी वेगवेगळं करा आणि मगच ताडा. नुसत्या टक्केवारीवर भुलू नका. समज, 100 उताऱ्यांपैकी 10 मध्ये तुला चिंता दिसली आणि तिलाही 10 मध्येच. तुमचं 86 उताऱ्यांवर जुळलं. ऐकायला भारी! पण दोघींनी न वाचता याच प्रमाणात खुणा केल्या असत्या, तरी योगायोगानेच सुमारे 82 जुळले असते. जेकब कोहेन यांनी 1960 साली मांडलेला ‘कप्पा’ (kappa) हा एकमताचा आकडा हेच वजा करतो: 86 उणे 82, भागिले 18 (100 उणे 82), म्हणजे अवघा 0.22; पूर्ण एकमत असेल तर 1. ‘चिंता आहे’ यावर तुमचं एकमत झालेले उतारे खरं तर फक्त 3.

मग न जुळलेले 14 घेऊन बसा. जिचा आवाज मोठा तिचं खरं, असं होऊ देऊ नका. दोष बहुधा व्याख्येत सापडतो: झोप न लागणं चिंतेत धरायचं की नाही, हे कुणी लिहिलेलंच नसतं. व्याख्या दुरुस्त करा आणि नव्या उताऱ्यांवर पुन्हा बघा. जुन्यांवर नको, त्यांची चर्चा झालेली असल्यामुळे ते जुळणारच.

समुपदेशनाच्या रोल-प्लेमध्ये ठरवून दिलेलं पात्रच करा. स्वतःचं ताजं दुखणं तिथे उघडलं, की वीस मिनिटांनी वेळ संपते आणि ती जखम तशीच उघडी राहते. एकमेकींचं निदानही नको. विकारांचे धडे सुरू झाले की प्रत्येकीला प्रत्येक लक्षण स्वतःत दिसतं. निदानाला मात्र लक्षणांचा कालावधी लागतो आणि रोजच्या कामात, नात्यांत अडथळाही यावा लागतो. पण एखादी खरोखरच आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, तर तिची थेरपिस्ट होऊ नकोस. तिच्यासोबत समुपदेशन केंद्रापर्यंत चालत जा, बाहेर थांब.

कोडबुकच्या, म्हणजे कोणती खूण कधी करायची त्या यादीतल्या, व्याख्या मला पाठव, मी बारकाईने वाचतो. उतारे मात्र पाठवू नकोस. लोकांनी संमती तुमच्या गटापुरती दिली आहे, त्यात तुझे बाबा येत नाहीत.

तुझे बाबा