पायाखालची जमीनही दुरुस्तीत धरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या नाट्यगृहांच्या दुरुस्तीविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून छापून येते. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले एसी, स्वच्छतागृहे, उपाहारगृहातला बटाटावडा, सगळ्यांची दखल घेतली जाते. रंगमंचाच्या जमिनीबद्दल मात्र ओळसुद्धा नसते. नटाच्या पायात चपला असतात, गायक गादीवर बसतो. अनवाणी असतो तो नर्तक, आणि त्याचे कामच पाय आपटण्याचे.

कथकचा हिशेब मांडून बघा. मिनिटाला 60 मात्रांची लय धरली आणि तत्कार, म्हणजे पायांचे काम, चौगुनीत म्हणजे एका मात्रेत चार पावले असा केला, तर मिनिटाला 240 वेळा पाऊल पडते. दहा मिनिटे नुसती लडी, म्हणजे पावलांची अखंड साखळी, चालली तर 2400 वेळा, तेही दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरू बांधून. भरतनाट्यममध्ये अरैमंडीत अर्धे बसून पाय मारायचे, वर उडी घेऊन पुन्हा त्याच बैठकीत उतरायचे. लाकडी आणि खालून पोकळ जमीन यातला थोडा मार स्वतः पिते. काँक्रीटवर बसवलेली टाइल, कोटा किंवा कडप्पा काही पीत नाही. मार तसाच नडगीत, टाचेत, गुडघ्यात परत येतो. आपल्याकडचे बरेचसे नृत्यवर्ग भरतात ते सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या वर्गात, म्हणजे नेमके अशाच फरशीवर. परीक्षा जवळ आली की रियाज वाढतो आणि मुली नडगी धरून बसतात. त्यावर स्प्रे मारला जातो, फरशीकडे कोणी बघत नाही.

आयोजकांचे ठरलेले उत्तर, ‘गालिचा टाकून देतो ना, मॅडम!’ गालिच्याने धक्का कमी होत नाही, कमी होतो तो फक्त पायाचा आवाज. कथकची चक्करे डाव्या टाचेवर घेतात. टाच फिरते तसा गालिचाही गोळा होतो आणि तिसऱ्या-चौथ्या चक्करीला तोल जातो. शिवाय फळ्यांमधली फट किंवा वर आलेला खिळा गालिच्याखाली झाकला जातो. गणपतीच्या मांडवात हे हमखास घडते. तिथे स्टेज म्हणजे बांबूंवर प्लायचे तक्ते आणि वर लाल कापड. दोन तक्त्यांत बोटभर अंतर राहिले की घोटा तिथेच मुरगळतो. व्हिनाइलचे रोल दिसायला छान असतात, पण मे महिन्यात घामाने ओला तळवा त्याला चिकटतो. अंग फिरते, पाऊल फिरत नाही, मधल्या मधे गुडघा पिळतो.

चांगल्या जमिनीची कृती कोणत्याही जुन्या सुताराला समजेल अशी आहे. खाली जाड रबराचे तुकडे, त्यांवर दीड फुटाच्या आत-बाहेर अंतराने लाकडी वासे, त्यांवर 12 मिमी प्लायचे दोन थर. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येता कामा नयेत. स्क्रूची डोकी खोल बसवून वर लांबी (पुट्टी) भरायची. प्लाय वॉटरप्रूफच हवा, आणि चारही भिंतींपासून अर्धा इंच जागा सोडायची. मुंबईत चुकते ते इथे: काम उन्हाळ्यात होते, तक्ते एकमेकांना घट्ट भिडवले जातात, जुलैत लाकूड फुगते आणि सांधा वर उचलला जातो. त्या जेमतेम दिसणाऱ्या कडेत पायाची करंगळी अडकते. वर्गासाठी एवढा खटाटोप नको. आठ बाय चार फुटांचा 18 मिमी प्लाय आणि खाली रबरी मॅट, एवढ्यात एकेका मुलीचा तत्कार होतो. घरीही हेच करावे. खालच्या मजल्यावरचे काका जरा कमी वेळा वर येतात.

कार्यक्रमाच्या दिवशीची गोष्ट वेगळी. आधीच्या प्रयोगाचा सेट काढताना स्क्रू पडतात, टेपचा चिकट डिंक राहतो. शुभारंभाचा नारळ रंगमंचाच्या कोपऱ्यात फुटतो आणि करवंटीची कपची कुठे उडाली ते कळत नाही. समई हलवताना तेल सांडते. आणि यात आम्ही नाचणारेही कमी नाही. पुष्पांजलीच्या पाकळ्या तुडवून, दोरीतून निसटलेला एखादा घुंगरू मागे ठेवून आम्ही विंगेत जातो. पुढची मुलगी त्यावरून घसरते.

नृत्याच्या परीक्षेतल्या लेखी पेपरासाठी याच मुली भरताचे नाट्यशास्त्र वाचतात. त्याच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप कसा बांधावा ते सांगितले आहे. जमीन नांगरून ढेकळे, गवत, खडे काढावेत. रंगशीर्ष, म्हणजे रंगमंचाचा एक भाग, कासवाच्या पाठीसारखे नसावे, माशाच्या पाठीसारखेही नसावे, स्वच्छ आरशासारखे सपाट असावे. उत्तरपत्रिकेत हे सगळे बिनचूक लिहायचे आणि संध्याकाळी कासवाच्या पाठीवर नाचायचे!

म्हणून दोन मागण्या. नाट्यगृहाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना रंगमंचाच्या जमिनीची वेगळी नोंद असावी, आणि ते कागद अंतिम करण्यापूर्वी एखाद्या नर्तकाला तिथे अनवाणी चालू द्यावे. दुसरी मागणी बिनपैशाची आहे. नृत्याच्या कार्यक्रमाआधी रंगमंच निदान अर्धा तास मोकळा मिळावा. आधी कोरडा झाडू, मग घट्ट पिळलेले फडके, मग पंखा. पडदा उघडायच्या तोंडावर फिनाइलच्या पाण्याने पुसू नये, तो पातळ ओला थर तेलाइतकाच घसरवतो. आणि झाडू मारून झाला की जुन्या स्पीकरचा लोहचुंबक सुतळीला बांधून एकदा या विंगेपासून त्या विंगेपर्यंत ओढावा. त्याला काय काय चिकटते ते व्यवस्थापकांनी स्वतः उभे राहून पाहावे.

आपली,
एक कथक शिक्षिका,
दादर, मुंबई