राखीव क्षेत्र आहे, पण राखण कोण करणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बेटांच्या पर्यटनावरचे लेख समुद्रकिनाऱ्यापाशीच का थांबतात? वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून सायकसची, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या एका प्राचीन झाडाची, बाजू मांडते.

तैवानच्या आग्नेय भागात, होंगये गावाजवळ, 1986 साली ‘तैतुंग सायकस’ राखीव क्षेत्र जाहीर झाले. जागेला झाडाचे नाव आणि झाडाला जिल्ह्याचे, असा दुहेरी मान तिथे आहे. प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटदेशाने तर सायकसची दोन पाने थेट राष्ट्रध्वजावर घेतली. तिथे ती शांततेची खूण.

मान मिळाला म्हणून झाड वाचते असे मात्र नाही. प्रशांत महासागरातल्याच ग्वाम बेटावर तिथले मूळ रहिवासी चामोरो लोक ज्याला ‘फादांग’ म्हणतात, तो सायकस 2002 च्या पाहणीत बेटावरचा सर्वाधिक संख्येचा वृक्ष होता. (याच्या विषारी बिया अनेकदा पाणी बदलत भिजवून चामोरो लोक त्यांचे पीठ करत. चिकाटी म्हणावी ती ही!) पुढच्याच वर्षी तिथे झाडाचा रस शोषणारी आशियाई खवले कीड आढळली. शोभेच्या आयात सायकसवरून ती आली. 2005 मध्ये ही कीड खाणारे ढालकिडे सोडले, पण खालची कोवळी रोपे काही सावरली नाहीत. 2006 मध्ये फादांग संकटग्रस्त यादीत गेला.

नर झाड वेगळे, मादी वेगळे आणि वाढ कमालीची मंद, त्यामुळे गेलेले रान पुन्हा उभे राहायला पिढ्या लागतात. म्हणून बेटांवर शोभेच्या सायकसची आयात सरसकट बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रोपवाटिकावाले रागावले तरी चालेल.

– एक निवृत्त शिक्षिका