चर्च आणि कुष्ठरुग्ण, लेखात अर्धीच गोष्ट आली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मध्ययुगातल्या रोगराईवरचा लेख वाचला. त्यात लिहिलंय की चर्चने कुष्ठरुग्णांना पापी ठरवलं आणि गावाबाहेर काढलं, झालं, विषय संपला. मी २२ वर्षं कुष्ठरोगाच्या कामात काढलीत, त्यामुळे गप्प बसवेना म्हणून लिहितेय.

पाप आणि आजार जोडला जायचा हे खरंच आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेत, म्हणजे रोममधे भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेत, तर ठरलंच होतं की डॉक्टरने आजाऱ्याला आधी पाद्री बोलवायला लावायचं, औषधपाणी नंतर. पण त्याच चर्चने ११७९ च्या परिषदेत सांगितलं की कुष्ठरुग्ण जिथे एकत्र राहतात तिथे त्यांना स्वतःचं चर्च, स्वतःचा पाद्री, स्वतःची दफनभूमी असू दे, आणि त्यांच्या बागेवर, गुराढोरांवर दशांश कर लावू नका. वेगळं ठेवलं, हो, पण टाकून दिलं असं कसं म्हणायचं?

इंग्लंडमधे विंचेस्टरला कुष्ठरुग्णांच्या अशाच एका जुन्या रुग्णालयाच्या दफनभूमीत एका तरुणाचा सांगाडा सापडला. हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा आणि सोबत एक शिंपला, स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला जाणारे लोक खूण म्हणून जवळ बाळगायचे तसला. कोणीतरी पुरताना तो आठवणीने त्याच्याजवळ ठेवला, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं.

१३२१ मधे फ्रान्समधे कुष्ठरुग्ण विहिरीत विष टाकतात अशी अफवा उठली, पाचव्या फिलिप राजाने धरपकडीचा हुकूम काढला, कितीतरी जणांना जाळलं. छळाची ही बाजू पण लेखात नाही.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते १२ व्या शतकातल्या पोप तिसरे अलेक्झांडर यांचं म्हणणं. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून लग्न मोडत नाही, जोडीदाराने सोबत राहावं असं त्यांनी लिहून दिलं. आणि आपल्याकडे घटस्फोटाच्या कायद्यातून हे कारण काढायला २०१९ उजाडलं. गोळ्यांचा कोर्स पुरा करून ठणठणीत बरी झालेली एक बाई माझ्याकडे यायची, पिशवीतून घडी घालून घालून फाटत आलेला कोर्टाचा कागद काढायची आणि दरवेळी एकच विचारायची, ताई, यातलं आजाराचं नाव तेवढं खोडता येईल का.

आपली,
एक वाचक, चंद्रपूर