पाठ केलेली ओळख

महोदय,

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम जवळ आला की महाविद्यालयांत ‘व्यक्तिमत्त्व विकास’ कार्यशाळा भरतात आणि दोन दिवसांत साठ मुलांकडून एकच परिच्छेद घोटून घेतला जातो. मी मेहनती आहे, मला संघात काम करायला आवडते, अमुक माझे बलस्थान. मुलाखत घेणाऱ्याला तो पहिल्या वाक्यालाच ओळखू येतो. त्याहून वाईट म्हणजे ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आणायचे असते, असे मुलांना वाटू लागते. ही चूक संवादकौशल्य शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांची आहे आणि ती सुधारता येते.

सुरुवात बोलण्याने नव्हे, लिहिण्याने करावी. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलेली वीस विधानांची चाचणी वर्गात सहज घेता येते. कोऱ्या कागदावर १ ते २० आकडे घालायचे आणि प्रत्येकापुढे ‘मी’ने सुरू होणारे वाक्य लिहायचे. वेळ १२ मिनिटे. पहिली वाक्ये बहुधा नात्यांची, गावाची, शिक्षणाची असतात. ती संपली की पेन थांबते. इथे शिक्षकाने सुचवायला जाऊ नये, कारण या शांततेनंतरच स्वभावाची, आवडीची, भीतीची वाक्ये येतात. कागद गोळा करणार किंवा मोठ्याने वाचायला लावणार अशी शंका आली, तर मुले खरे लिहीत नाहीत. कागद ज्याचा त्याच्याकडेच राहील, हे आधी सांगावे आणि पाळावे.

मग वीसपैकी तीन वाक्ये निवडायची आणि प्रत्येकाला घडलेल्या कामाचा आधार द्यायचा. ‘मी कष्टाळू आहे’ हे कोणीही म्हणेल. ‘बारावीच्या वर्षी रोज पहाटे दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचे काम केले’ हे त्या एकाच मुलाचे असते. असे आधार सापडले की पाठांतराची गरज उरत नाही.

आता बोलणे. ९० सेकंद, म्हणजे साधारण दीडशे शब्द, फोनवर रेकॉर्ड करावेत. स्वतःचा आवाज ऐकून बहुतेक मुले खट्टू होतात, म्हणून कारण आधीच समजावावे: एरवी आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतला खर्जाचा भाग फोनमध्ये उतरत नाही, त्यामुळे आवाज पातळ भासतो. तो इतरांना नेहमी तसाच ऐकू येत असतो. रेकॉर्डिंग तीनदा ऐकावे. पहिल्यांदा फक्त वेग. दुसऱ्यांदा ‘म्हणजे’, ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आले ते मोजावे. तिसऱ्यांदा वाक्याचा शेवट ऐकावा. सर्वाधिक नुकसान तिथे होते, कारण श्वास संपतो आणि क्रियापद घशात जाते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने अर्थही त्याच्याबरोबर जातो. उपाय साधा आहे, वाक्य छोटे करावे आणि पूर्णविरामाला श्वास घ्यावा.

बोलीबद्दल मात्र आग्रहाने लिहिले पाहिजे. वऱ्हाडातला मुलगा ‘प्रोजेक्ट करून राहिलो’ म्हणाला किंवा खानदेशातल्या मुलीने ‘केळी’ला ‘केयी’ म्हटले की वर्ग हसतो आणि शिक्षक ‘शुद्ध बोला’ म्हणतात. त्यानंतर ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही. हेल किंवा उच्चार आणि अस्पष्टता या वेगळ्या गोष्टी आहेत, दुरुस्ती अस्पष्टतेची करावी. तोच मजकूर आधी घरच्या बोलीत, मग प्रमाण मराठीत, शेवटी इंग्रजीत बोलून घ्यावा. बोलीत मुद्दा पक्का बसतो आणि पुढे फक्त शब्द बदलावे लागतात. थेट इंग्रजीने सुरुवात केली की मूल मुद्दा आणि व्याकरण एकाच वेळी शोधत राहते आणि अडते.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांची १९५५ ची ‘जोहारी खिडकी’ही उपयोगी आहे. तिच्यात आपण स्वतःसाठी आणि सोबत्यांनी आपल्यासाठी यादीतून निवडलेली विशेषणे ताडून पाहायची असतात. पण ती पहिल्या आठवड्यात घेणे व्यर्थ. अनोळखी सोबती आपल्याला न दिसणारे काय सांगणार? निदान एक सत्र एकत्र काढलेल्या चार-पाच जणांचा गट हवा. विशेषणांची यादीही मराठी हवी: चिकाटीचा, मनमोकळा, अबोल, हिशेबी.

यात खरी अडचण वेळेची आहे. साठ मुलांची ९० सेकंदांची भाषणेच दीड तास खातात, प्रतिसाद वेगळाच. वीस मुलांच्या तुकडीत प्रत्येकी चार मिनिटे धरली तर ८० मिनिटांत काम होते. प्रयोगशाळेसाठी वर्गाच्या तुकड्या पाडतात, तशाच संवादकौशल्याच्या तासालाही विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी बंधनकारक कराव्यात. आणि गुण सत्राच्या पहिल्या व शेवटच्या रेकॉर्डिंगमधल्या फरकाला द्यावेत. आज ते अस्खलित इंग्रजीला मिळतात, म्हणजे शाळेतूनच ती घेऊन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशीच.

– संवादकौशल्याचा एक शिक्षक, अमरावती