वकील दावा लागल्यावरच का?

धार्मिक न्यासांच्या रखडलेल्या वादांवरील आपला अग्रलेख वाचला. विलंबाचे सारे खापर न्यासांची नोंदणी व देखरेख करणाऱ्या धर्मादाय कार्यालयावर फोडणे मात्र पटले नाही. यातले कित्येक वाद वेळीच कायदेशीर सल्ला न घेतल्याने उभे राहतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलला की त्याची नोंद होण्यासाठी ९० दिवसांत या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून जातो, नोंदवहीत जुनीच नावे राहतात आणि पुढे खरे विश्वस्त कोण, यावरच भांडण जुंपते. देवस्थानची इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यास कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. काही विश्वस्त मंडळे आधी करार करून मोकळी होतात आणि मग वकील शोधतात.

शिवाय वकील संस्थेचा असावा, अध्यक्षांचा नव्हे. विश्वस्तांच्या दोन गटांतील एकाच गटाची बाजू लढवणाऱ्याचे शुल्क दानपेटीतून जात असेल, तर भाविकांनी जाब का विचारू नये? न्यासांनी वार्षिक अंदाजपत्रकातच कायदेशीर सल्ल्यासाठी तरतूद करावी आणि तो खर्च हिशेबात स्वतंत्र दाखवावा.

– एक वाचक